भाव मी असा ठरवला

कंपनीने मला फसवलं. मी निवृत्तीला फसवलं. यातलं पहिलं वाक्य महागावात कोणालाही विचारा, तो सांगेल. चहाच्या टपरीपासून तहसीलच्या पायऱ्यांपर्यंत ते मीच ओरडत फिरलो आहे. दुसरं वाक्य आजवर माझ्या तोंडातून निघालेलं नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर नाही, आणि निवृत्तीजवळ — त्याच्याजवळ तर नाहीच.

कसं सांगू? सरळ सांगायची मला सवय नाही. आयुष्य सौदे करण्यात गेलं आणि सौद्यात पहिल्या तोंडाला खरा भाव कोणी सांगत नाही. म्हणून थोडा फिरून येतो. पण येतो, एवढं समजा.

मी तांड्यावरचा माणूस. आमचे आजोबा-पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर हिंडायचे. बापाने शेती धरली, पण मला मातीपेक्षा बाजार आवडला. दुसऱ्यांची जनावरं हाकत बाजारात न्यायची, ही माझी पहिली कमाई. मग दलाली केली. बैल कमी होत गेले तसा जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात शिरलो. आज महागावात गाळा आहे, वर घर आहे. कोणी दिलेलं काही नाही, सगळं या जिभेने कमावलेलं. राग मात्र लवकर येतो. माझ्या बैलाला नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाची मी भर बाजारात गचांडी धरली आहे — आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच ओसरीवर बसून त्याच बैलाचा सौदा पक्का केला आहे.

आता निवृत्ती. तो शेजारच्या गावचा, कुणब्याचा. थोडी कपाशी, थोडी तूर, डोक्यावर कायम पांढरी टोपी. बाजारात त्याचं काम काय होतं ते समजायला आमची जाकडीची रीत समजली पाहिजे. बैलजोडी घेणारा माणूस ती लगेच विकत घेत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो, आणि मग जोडी काही दिवसांसाठी घरी नेतो. नांगराला जुंपतो, गाडीला जुंपतो. बैल बसतो का, मारतो का, उन्हात फेस गाळतो का, ते पाहतो. पसंत पडली तर सौदा, नाही तर जोडी परत. हीच जाकड. तोवर पैसा कोणाकडे राहणार? विकणाऱ्याकडे दिला तर घेणाऱ्याला भीती, घेणाऱ्याकडे ठेवला तर विकणाऱ्याला. म्हणून तो तिसऱ्याकडे राहतो. आमच्या भागात तो तिसरा म्हणजे निवृत्ती.

या कामाचे तो पैसे घेत नसे. लोक चहा पाजायचे, तेवढंच. पैसा कोणाचा, किती, कशासाठी — त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. बायको विचारायची, तिलाही नाही. एकदा दोन भावांत मारामारीची वेळ आली. थोरला म्हणे, धाकट्याने मला न सांगता जोडी घेतली, पैसा निवृत्तीकडे ठेवला आहे. निवृत्ती दोघांच्या मधे उभा राहून नुसतं म्हणाला, "मायाजवळ ज्याचं हाये त्यानं येऊन मांगावं." थोरल्याने त्याला शिव्या दिल्या. निवृत्ती जागचा हलला नाही.

आणि माझ्याकडे? माझ्याकडे जाकडीचा पैसा कोणी कधी ठेवला नाही. इतकी वर्षं त्याच बाजारात, निवृत्तीपेक्षा कितीतरी पैसेवाला, उधारी एका शब्दावर मिळवणारा मी — पण पैसा तिसऱ्याकडे ठेवायची वेळ आली की सगळ्यांच्या माना निवृत्तीकडे वळायच्या. एकाने हसत हसत तोंडावर सांगितलंही, "परसराम, तू बैलाचे दात पायतं, तसे आमी तुये पायतो." सगळे हसले. मीही हसलो. ते मला लागलं होतं. अजून लागतं. हे मी सफाई म्हणून सांगत नाही. पुढे जे केलं त्यात हेही मिसळलेलं होतं, म्हणून सांगतो.

मोबाईलवरून कर्ज देणारी ती कंपनी. तिचं नाव घेत नाही, तुम्ही जाहिरात पाहिली असेल. फोनवर बोट फिरवा, चहा संपायच्या आत पैसे खात्यात. तिचे शेअर बाजारात येणार अशी बातमी आली तेव्हा माझ्या हातात दोन ट्रॅक्टर विकून आलेली मोठी रक्कम होती. पुसदला शेअरचं काम करणारे एक सर आहेत, मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला नीट समजावलं, तो दोष त्यांना देता येणार नाही. ते म्हणाले, कर्ज देणाऱ्या कंपनीचा नफा पाहून भुलू नका. पैसा वाटणं सोपं असतं. वाटलेल्यातला परत किती येतो, तो आणायला खर्च किती होतो, आणि तिच्या स्वतःच्या भांडवलाच्या किती पट भाव मागतात, या गोष्टी पाहा. नवी कंपनी आहे, दोन-तीन तिमाहीचे निकाल येऊ द्या, मग ठरवू.

मला हसू आलं. निकाल म्हणजे कागद. कागदावर तर प्रत्येक बैल चार दाती, ऐन जवान असतो. मी म्हटलं, सर, तुम्ही बाहेरून पाहता. मी जुंपून पाहतो.

त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. मी गंमत करत नव्हतो. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या माझं ठरलं होतं. या कंपनीचा पैसा परत येतो की नाही, हेच पाहायचं आहे ना? मग हिचा पैसा कोणाला तरी घ्यायला लावायचा आणि वेळेवर परत द्यायचा नाही. पाहू, कशी ओढते. ओढली तर माल पक्का.

आता मला सांगा — हे मी माझ्या नावावर का केलं नाही? माझ्याही हातात फोन होता. माझंही खातं होतं. सोपं होतं. पण अडत्यांत, फायनान्सवाल्यांत माझं नाव होतं. त्यावर डाग कशाला? आणि दुसरं, मनात असं होतं की ज्याच्या फोनमध्ये सगळा बाजार भरला आहे, ज्याला नावाची सगळ्यात जास्त भीती आहे, त्याच्याच गाडीला हा बैल जुंपला पाहिजे. तिथे जोर कळेल.

मी निवृत्तीकडे गेलो.

त्याला सांगितलं, माझी रक्कम एका सौद्यात अडकली आहे, थोडी नड आहे, माझ्या फोनवर कर्ज पास होत नाही, तुझ्या नावावर काढून दे. मुदतीच्या आत भरतो. रक्कम फार नव्हती, बैलाच्या अंगावरची एक चांगली झूल येईल इतकीच. निवृत्तीने कशासाठी म्हणून विचारलं नाही. तो कोणालाच विचारत नसे. त्याने फोन माझ्या हातात दिला. लेकीने घेऊन दिलेला फोन, ती ढाणकीला दिली आहे. सगळं मीच भरलं. फोटो काढायची वेळ आली तेव्हा ते ॲप टोपी काढायला सांगू लागलं. निवृत्ती म्हणाला, "टोपी काहून काढा लागते? मी काई न्हाव्याकडं बसलो का?" पण काढली. मी फोटो काढला. पुढे, पुढे, परवानगी द्या, परवानगी द्या — मी सगळीकडे बोट दाबत गेलो. फोनमधली सगळी नावं पाहायची परवानगी मागितली, ती मी वाचली. वाचून दाबली. चुकून नाही.

मुदत संपली. मी भरले नाहीत.

पहिल्यांदा गोड आवाजातली बाई बोलली. मग पुरुष बोलू लागला. मग दिवसातून कितीदा तरी फोन. निवृत्ती माझ्याकडे आला, म्हणाला, परसराम, ते लोक फोन करून राह्यले, तुयं जमत नसन तर मी भरून टाकतो, कपाशीचे आले हायेत. ऐका आता. इथे हे सगळं थांबलं असतं. तो भरायला तयार होता, पैसे घेऊन उभा होता. आणि मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, माझी उधारी तू भरणार? माझा काही मान आहे की नाही? दोन दिवस थांब. तो ओशाळला. त्यालाच वाईट वाटलं की आपण मित्राचा अपमान केला. पैसे खिशात घालून परत गेला.

नंतर मी रोज त्याच्याकडे सहज गेल्यासारखा जायचो. आज कोणाचा फोन आला? काय म्हणाला? तुलाच केला की अजून कोणाला? तो सांगायचा आणि मी ऐकायचो. तोंडावर काळजी, मनात मोजमाप. उद्या भरतो, परवा भरतो. त्याला वाटे, मित्र अडचणीत असूनही रोज चौकशीला येतो.

मग कंपनीच्या वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधली नावं बाहेर काढली. ढाणकीला लेकीच्या सासऱ्याला फोन गेला. गावच्या पोलीस पाटलाला गेला. आणि एका सकाळी तो फोटो सगळ्यांच्या फोनवर आला. उघड्या डोक्याचा निवृत्ती, खाली लिहिलेलं — हा माणूस लोकांचे पैसे घेऊन पळतो, याच्यापासून सावध राहा. बाजारातल्या एकूण एक माणसाकडे तो फोटो होता. माझ्याकडेही आला.

त्या आठवड्याचा बाजार मला जसाच्या तसा आठवतो. ढाणकीकडच्या एका शेतकऱ्याने माझ्यामार्फतच जोडी जाकडीवर नेली होती, पैसा निवृत्तीकडे होता. तो शेतकरी आपल्या भावाला घेऊन आला. निवृत्ती लिंबाखाली बसला होता, नेहमीच्या जागी. मी हाताच्या अंतरावर उभा होतो.

शेतकरी म्हणाला, "काका, ते पैसे द्या. आमी दुसऱ्याजवळ ठेवतो."

निवृत्ती म्हणाला, "जाकडीचे दिवस सरले नाईत अजून."

भाऊ म्हणाला, "जाकडीचं राहू द्या. तुमचे दिवस काय चालू हायेत ते पायलं आमी फोनवर."

दोघं-चौघं हसले. निवृत्तीने बंडीच्या आतल्या खिशातून पुडकं काढलं. बांधून दिला होता तोच दोरा त्याच्यावर होता, गाठही तीच. शेतकऱ्याने तिथेच दोरा तोडला आणि नोटा मोजायला लागला. निवृत्तीच्या हातून आलेला पैसा त्याच्यासमोर मोजला जाताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. निवृत्तीने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "परसराम, सांग ना बापा" — असं काही म्हणाला का? नाही. ज्याचं आहे त्याने येऊन सांगावं, हीच त्याची रीत होती, आणि ती रीत मला माहीत होती. हा माणूस माझं नाव घेणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तर त्याला निवडला होता.

आणि तिथे उभं राहून माझ्या मनात काय आलं, ते सांगतो. हेच सांगायला इतका फिरलो. मला वाईट वाटलं नाही. त्या क्षणी नाही वाटलं. माझ्या मनात आलं — काय ओढते ही कंपनी! निवृत्तीसारख्या माणसाला एका फोटोने लिंबाखाली उघडा पाडते, हिचा पैसा बुडणार कसा? माल पक्का आहे. कंपनी जो भाव मागते आहे तो स्वस्त आहे. भाव मी तिथे ठरवला. नोटा मोजल्या जात होत्या आणि मी मनातल्या मनात रुमालाखाली बोटं दाबत होतो.

आणि त्याखाली अजून एक होतं, बारीक. चला, आता तुझ्याकडेही कोणी ठेवणार नाही.

त्या संध्याकाळी मी कर्ज भरून टाकलं. पारख संपली होती. निवृत्तीला सांगितलं, सौदा सुटला, भरले बघ. तो म्हणाला, बरं झालं. एवढंच.

शेअर बाजारात आले त्या दिवशी मी पुसदला सरांसमोर बसून जवळजवळ सगळी रक्कम लावली. भाव चढला होता तरी लावली. सर नको म्हणत होते. पुढे काही दिवस भाव आणखी चढला आणि मी टपरीवर पाय पसरून बसू लागलो. मग पहिला निकाल आला. मग दुसरा. वाटलेल्या कर्जातला मोठा भाग परत येतच नव्हता. जो येत होता तो आणायला वसुलीच्या एजन्सीवाल्यांना इतका पैसा द्यावा लागत होता की हाती काही उरत नव्हतं. त्यात वरून नियम कडक झाले, फोटो पाठवणं आणि नातेवाइकांना फोन करणं बंद करायला लागलं. भाव बसला. बसलेला बैल मी कितीदा शेपूट पिरगाळून उठवला आहे — हा उठला नाही.

मग मला दिसलं. जे बैलांचा व्यापार करणारा कोणताही हेड्या पहिल्या दिवशी सांगेल, ते. बाजारात एखादी जोडी आणताना धनी सारखी पराणी टोचत असेल तर आम्ही काय समजतो? बैल जोरदार आहे असं? नाही. बैल चालत नाही असं. निवृत्तीच्या पाठीत जी पराणी बसत होती तिला मी कंपनीची ताकद समजलो. चांगला सावकारही माणूस पारखून पैसा देतो, मग त्याला असं भुंकावं लागत नाही. माणूस न पारखता वाटायचं आणि मग प्रत्येकाच्या अब्रूवर धाड घालायची, यावरच जी चालते ती कंपनी आतून पोकळ असणार. इतकी वर्षं दात पाहिले, आणि हे दिसलं नाही. का नाही दिसलं? मी बैलाकडे पाहतच नव्हतो. निवृत्तीकडे पाहत होतो.

नंतरचं तुम्ही महागावात ऐकलं असेल. मी बोंब मारली. कंपनीने बुडीत कर्जं लपवली, आम्हाला लुबाडलं. ते खोटं नाही. माझ्यासारखे पोळलेले आणखी लोक गोळा केले, अर्ज लिहिला, सह्या घेत फिरलो. लोक मला बसायला खुर्ची देऊ लागले. फसवला गेलेला माणूस म्हणून मला जो मान मिळाला, तो पैसेवाला म्हणून कधी मिळाला नव्हता.

निवृत्तीने बाजारात येणं सोडलं होतं. लेकीच्या सासरी पुन्हा कोणी त्याचा विषय काढला नाही, पण दिवाळीला तिला माहेरी पाठवलं नाही. मी हळूहळू त्याच्याकडे जाणं कमी केलं. मग एक दिवस तोच माझ्या गाळ्यात आला. हातात घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी. खुर्चीवर बसला नाही, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर बसला.

म्हणाला, "लय बुडालं म्हनते तुयं."

मी हो म्हणालो.

"तेच ते लोक ना? मायावाले?"

हो म्हणालो.

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मी तुले बोललो नाई कदी. तुई नड होती, तुले अजून कायले जड करा. पन त्यायनं मले कोनाचा ठेवला नाई रे. आपन दोगंबी त्याच लोकायचे मारलेले. यायले जाब कोन इचारते का नाई?"

मी काय करायला हवं होतं? दार लावून घ्यायचं, त्याच्यासमोर खाली बसायचं आणि सांगायचं. एवढंच होतं. सगळं तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हणालो, "मी इचारून राह्यलो ना. हा पाय अर्ज."

त्याने अर्ज हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. म्हणाला, "मायी सही चालते का याच्यावर? माया सहीले आता कोनी पुसत नाई, पन घे. तुया कामाला आली तर आली."

मी पेन दिलं. त्याने माझ्या सहीच्या खाली सावकाश सही केली. मी ती घेतली. डाळही घेतली.

तो गेल्यावर मी ठरवलं की उद्या जाऊन सांगतो. ते उद्या अजून आलेलं नाही. बाजारात उभं राहून सांगावं असंही मनात येतं. पण सांगून काय होणार? लोक म्हणतील, दोघं मिळालेले होते, आता एक दुसऱ्याला वाचवतो आहे. ज्या नावावर लोक डोळे मिटून पैसा ठेवत, ते मी सांगितल्याने परत येणार नाही. बैल परत देता येतो, जाकडीची मुदत असते. हे परत देता येत नाही. आणि ते शेअर अजून माझ्याच नावावर आहेत, विकले तरी काही येत नाही म्हणून पडून आहेत. म्हणजे ज्यांनी त्याला फोन केले, त्यांच्या मालकांपैकी एक मी आहे. आजही.

अर्ज पाठवला आहे. त्यात शेवटी आमची मागणी आहे — ज्याने हे केलं त्याचं नाव सांगा आणि त्याला लोकांसमोर उभं करून उत्तर द्यायला लावा. वर माझी सही, खाली निवृत्तीची. ती मागणी मी मागे घेत नाही. नाव परसराम. तांड्यावरचा, जुन्या ट्रॅक्टरांच्या गाळ्यातला. त्याने उत्तर द्यावं.